मे महिन्यात पास झालेली साधी गाडी: नागपूरकरांनो, आपापले अनुभव लिहा

सध्या आमच्या घरी नवीन गाडीची चर्चा सुरू आहे आणि जो तो सनरूफ, मोठी स्क्रीन, रंग एवढ्यावरच बोलतोय. मला हे पटतच नाही. ४५-४६ डिग्रीत डोक्यावर काच घेऊन वर्धा रोडनं जायचंय का आपल्याला? माझं म्हणणं सरळ आहे, गाडी आधी इथल्या मे महिन्यात पास झाली पाहिजे, बाकीचं सगळं नंतर बघू. म्हणून हा धागा. महागड्या गाड्या नकोत, रोजच्या वापरातल्या साध्या गाड्यांबद्दल लिहा, कुठे चालवली आणि काय कामी आलं ते.

सुरुवात मी करते. बाबांची मारुती ८००, एमएच-३१ पासिंग, एसी नव्हता. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात देशात आली, ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, आमच्याकडे बरीच नंतर आली पण इंजिन तेच. बाबांच्या ऑफिसात सावलीत पार्किंग नव्हतं, त्यामुळे दुपारी रेक्झिनच्या सीटवर ओला पिळलेला टॉवेल टाकल्याशिवाय बसताच यायचं नाही, आणि स्टीअरिंगला आईनं जुन्या सुती साडीचं कव्हर शिवलं होतं. थंडीत मात्र वेगळंच, सकाळी चोकची (गार इंजिनाला जास्त पेट्रोल देणारी) खुंटी ओढायची, सेल्फ मारायचा, इंजिनचा आवाज एकसारखा झाला की चोक हळूहळू आत ढकलायचा, आणि ते काम बाबा मला द्यायचे. तेव्हा मी शाळेत होते. गाडीचा आवाज ऐकायला मी तिथे शिकले आणि आजही काही बिघडलं तर मला डॅशबोर्डवरच्या दिव्याआधी आवाजावरून कळतं. २०१४ ला ८०० बनणं बंद झालं तेव्हा खरंच वाईट वाटलं.

महाल भागातून

आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती. गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर, त्यामुळे पुढे सलग सीट, आजोबा चालवणार, शेजारी आजी आणि मधे मी. पुढच्या दाराला ती तिकोनी काच असायची ना, ती पूर्ण उलटी फिरवली की वारा सरळ छातीवर यायचा. रामटेकला जाताना त्या काचेपाशी बसायला भांडणं व्हायची. हल्लीच्या गाड्यांतून ती काच का काढली कोण जाणे, मला तर परत हवी आहे.

इतवारीतून

भाऊ, मी नॅनोवाला. लोक काय काय बोलले त्या गाडीले, स्वस्त म्हणून हिणवलं, पण मी अजून चालवून राह्यलो. किराणा ओळीत एकदा सकाळी दहानंतर मोठी गाडी घालून पाहा, हातठेले, हमाल, बाजूला लावलेल्या मोपेडी, यातून ती निघतच नाही. माही नॅनो निघते. इंजिन मागे आहे, दोनच सिलिंडर, ६२४ सीसी, म्हणून पुढचं नाक आखूड अन् चाकं पार कोपऱ्यात, त्यामुळे एवढ्याशा जागेत वळते. अन् आत उंची किती! माहे वडील सहा फुटाचे, फेटा बांधून बसले तरी छताले लागत नाही. मागची सीट पाडली का दुकानाचा माल बसते. २००९ साली ही गाडी आली तेव्हा स्कूटरवर चौघं जाणाऱ्या घराले चार चाकं अन् डोक्यावर छत भेटावं हाच विचार होता, अन् आमच्या घरात तो खरा झाला, याच्यावर माह्याशी कोणी वाद घालू नये.

धरमपेठेतून

उन्हाचं झालं, आता पाण्याचं सांगतो. २०२३ च्या सप्टेंबरातली ती रात्र, २२ ची २३ उजाडताना अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदीचं पाणी गल्ल्यांमधून शिरलं. आमची अल्टो अंगणात. अंधारात टॉर्च मारला तर पाणी हेडलाइटच्या वर आणि वायपरपाशी कोणाची तरी चप्पल तरंगत होती. पाणी ओसरल्यावर सगळ्यांना एकच घाई, सुरू होते का बघू. आमच्या मेकॅनिकनं फोनवर आधीच बजावलं होतं, दादा, चावी लावूच नका. इंजिनात हवेच्या जागी पाणी गेलं असेल तर पाणी दाबलं जात नाही, आणि सेल्फ मारला की पिस्टन त्याच्यावर आदळून कनेक्टिंग रॉड वाकतो. आम्ही बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, गाडी टो करून नेली, त्यानं प्लग काढून पाणी बाहेर काढलं, ऑइल आणि फिल्टर बदलले, सीटा आणि कार्पेट उन्हात वाळवले. शेजारच्या काकांच्या गाडीला त्यांच्या मुलानं सेल्फ मारला होता, तिचं इंजिन उघडावं लागलं, वर विमावाले म्हणाले की इंजिन प्रोटेक्ट (पाण्यानं बिघडलेल्या इंजिनाचं जादा कव्हर) घेतलेलं नाही, पैसे मिळणार नाहीत. फार मनस्ताप झाला त्यांना. पॉलिसी रिन्यू करताना ती एक ओळ नक्की वाचा, विशेषतः आपल्या भागात नाला जवळ असेल तर.

मानेवाड्याहून

माझं छोटं आहे. वॅगनआर, आणि ती घेतली फक्त आईच्या गुडघ्यांसाठी. बाकीच्या बुटक्या गाड्यांत तिला वाकून खाली बसावं लागायचं आणि उठताना हात द्यावा लागायचा. वॅगनआरमध्ये ती नऊवारी नेसूनसुद्धा कोणाचा हात न धरता बसते. शोरूममध्ये मायलेज विचारतात तसं घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा बसवून उठवून बघायला पाहिजे, हे कोणीच सांगत नाही.

वाडीहून

मी टूरवर असतो, कंपनीच्या कामानं गाडी रोजचीच. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून साध्या गाडीवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे, टायर बघा रे बाप्पा. कारला १२० ची मर्यादा आहे म्हणून लोक उन्हाच्या काँक्रीटवर तासन्तास तेवढ्याच स्पीडनं रेमटवतात आणि टायर असतात जुने. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसत असली तरी रबर कडक होऊन कडेला बारीक भेगा पडतात, नख फिरवलं की कळतं.

दुसरं म्हणजे उन्हाळ्यात हवा कमी ठेवा म्हणून जे सांगतात त्यांचं ऐकू नका. कमी हवेचा टायर चालताना जास्त दबतो, कडा सारख्या वाकतात, तिथेच तो तापतो आणि फुटतो. दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं, त्यात लिहिलंय तेवढीच, आणि सकाळी टायर गार असताना भरायची. एसीचं विचाराल तर उन्हात उभी गाडी काढताना आधी चारही काचा उघडून थोडं पुढे जायचं, आतली तापलेली हवा निघाली की मग काचा बंद. रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी जाळी, असतो, आपल्याकडे त्यात धूळ आणि किडे अडकतात, एप्रिल लागायच्या आधी साध्या पाण्याच्या बारीक धारेनं धुवून घ्या, खूप फरक पडतो.

सनरूफबद्दल ताईंशी सहमत. घेऊच नका.