सोयापेंडीला गोव्यात पर्याय: अळ्या, सुकी मासळी की काहीच नको?

माडाखालची_शेड
कोंबडीखाद्यात प्रथिनासाठी घालतात ती सोयापेंड घाटावरून येते आणि भाड्यासकट तिचा भाव छोट्या लेअरवाल्याला (अंड्यांच्या कोंबड्या पाळणाऱ्याला) परवडत नाही. उलट हॉटेलांचा ओला कचरा आणि भाजीबाजाराची फेकण इथे रोज हाताशी आहे. म्हणून माझे ठाम मत आहे की २०० पक्ष्यांच्या शेडने काळ्या सैनिक माशीच्या अळ्या (बीएसएफ) वाढवाव्यात आणि सोयापेंडीचा चौथा हिस्सा कमी करावा. क्रेटमधला कचऱ्याचा थर ८ ते १० सेंमीपेक्षा जाड नको, नाहीतर तळ कोंडून आंबतो. ओल ६५-७० टक्के हवी: मूठ दाबल्यावर थेंब यावेत, धार नको. अळ्या साधारण १२-१४ दिवसांत, मलईच्या रंगाच्या असतानाच काढायच्या. काळपट झाल्या की कायटिन (अळीच्या सालीतला कठीण भाग) वाढते आणि पचन घटते. उकळत्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटे बुडवून मग सुकवायच्या.

डिचोली_लेअर
हिशेब मांडू या. २०० पक्षी, प्रत्येकी ११० ग्रॅम, म्हणजे रोज २२ किलो खाद्य. २० टक्क्यांनी सोयापेंड ४.४ किलो, तिचा चौथा हिस्सा १.१ किलो. तेवढ्या सुक्या अळ्यांना ताज्या साडेतीन किलो लागतात आणि त्यांना रोज २० किलोच्या आसपास कचरा. तो आणायचा, त्यातले प्लास्टिक वेचायचे, अळ्या चाळायच्या. आणि वाचते काय, तर किलोभर पेंड! शिवाय अळीत '४२ टक्के प्रथिन' सांगतात, तो आकडा मोजलेल्या नायट्रोजनला ६.२५ ने गुणून येतो. कायटिनमधला नायट्रोजन वगळून ४.७६ ने गुणा, ३२ टक्के उरते. सोयापेंडीत ४६ टक्के धरले तर खाद्याचा ५ टक्के भाग बदलल्यावर एकूण प्रथिन ०.७ टक्क्याने उतरते. मग आधी अंड्याचे वजन घटते, नंतर संख्या.

माडाखालची_शेड
मग सोयालाही साधारण ५.५ ने गुणा, ४६ चे ४० होतात. खरा फरक ०.४ टक्क्याचा, आणि तो भरायला पेंड एक टक्का वाढवली की पुरते. डीएल-मेथिऑनिन (प्रथिनातले एक अमिनो आम्ल, तयार विकत मिळते) दोन्हीकडे घालावेच लागते.

बांगडा_तारली
एवढा खटाटोप कशाला? मे महिन्यात सुकी तारली घेऊन दळा. लायसिन आणि मेथिऑनिन ही दोन्ही अमिनो आम्ले सोयापेंडीपेक्षा सरस.

डिचोली_लेअर
बाब, मीठ मोजलेत का? १२ टक्के मीठ असलेली मासळी ५ टक्के घातली तर एकट्या तिच्यातूनच खाद्यात ०.६ टक्के मीठ जाते. लेअरला एकूण ०.३ ते ०.४ पुरते. पक्षी पाणी जास्त पितात, विष्ठा पातळ होते, लादी ओली राहते, अमोनिया वाढतो, अंडी बरबटतात. गोड्या पाण्यात दोनदा भिजवून पुन्हा कडक सुकवली तर चालेल, पण जून-जुलैत मासेमारी बंद आणि ऊनही नाही, तेव्हा साठा आधीच करायला हवा. तपकिरी अंड्यांच्या काही पक्ष्यांत मासळीचा वास बलकात उतरतो, ही आणखी एक अडचण. गावठी म्हणून जादा पैसे मोजणारे गिऱ्हाईक असे एक अंडे फोडले की परत येत नाही.

कुळागर
अझोला (पाण्यावर तरंगणारी हिरवी वनस्पती) कोणी घेत नाही का?

डिचोली_लेअर
ओल्या किलोभर अझोलात कोरडा भाग ५०-६० ग्रॅम आणि प्रथिन १२-१५ ग्रॅम. एका कोंबडीला दिवसाला १८ ग्रॅम लागते. बलकाच्या रंगासाठी मूठभर टाका, प्रथिनासाठी नको. घाण्यावरची खोबऱ्याची पेंडही तशीच: प्रथिन २०-२२ टक्के, लायसिन कमी, तंतू जास्त. ५ टक्क्यांवर मी सुचवणार नाही, आणि बुरशीचा वास आला तर अजिबात नको. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष शिजवूनही जात नाही.

माडाखालची_शेड
मासळी आणि अझोला याबाबत सहमत. अळ्यांवरून मात्र मागे हटणार नाही, कारण २० किलो कचऱ्याची विल्हेवाट तुमच्या हिशेबात कुठेच नाही आणि उरलेले खत माडांना चालते. पथ्ये मात्र पाळावीच लागतील. अळीत २५-३५ टक्के चरबी असते. पावसाळ्यात ती लवकर खवट होते, म्हणून सुकवून दोन आठवड्यांपुरताच साठा ठेवा. कॅल्शियम अळीतूनही येते, पण खाद्यात एकूण ३.५ ते ४ टक्के जुळेपर्यंत शिंपल्यांचा चुरा कमी करू नका. कचऱ्यात रंग, बॅटरी असले काही आले तर ती खेप पूर्ण टाकून द्या, कॅडमियम हा विषारी धातू अळीत साठतो. बदल ८-१० दिवसांत हळूहळू करा.

डिचोली_लेअर
कचरा उचलण्याचे पैसे हॉटेल देत असेल तर हिशेब बदलतो, हे मान्य. देत नसेल तर पाच-सहा शेडवाल्यांनी मिळून सोयापेंडीचा एक टेम्पो मागवावा. भाडे वाटले जाते आणि पोती शेडमध्ये महिनोन्महिने पडून राहत नाहीत.