गॅरेज, सलून आणि संस्थांच्या कार्यालयांतला पगार: वाढ खरी किती, हे कुठून आणि कसं काढायचं?

गोदाकाठ
नाशिकमधल्या तीन प्रकारच्या कामगारांसाठी मागणीपत्रकाचा मसुदा चालू आहे: गॅरेजमधले मेस्त्री-हेल्पर, सलून-पार्लरमधले कारागीर, आणि व्यापारी संघ, देवस्थानं, मंडळं अशा संस्थांच्या कार्यालयांतले कारकून-शिपाई. मालकांचा मुद्दा असा, की 2019 च्या डिसेंबरात 12,000 घेणारा हेल्पर 2024 च्या डिसेंबरात 14,500 घेत होता, म्हणजे जवळपास 21 टक्के वाढ मिळालीच आहे. कामगार म्हणतात, हातात काही उरत नाही. अमेरिकेच्या आकडेवारीत ‘दुरुस्ती, वैयक्तिक सेवा, सभासद-संस्था’ असा एकच गट सापडतो, त्यात रोजगार आणि वेतन दोन्ही दिसतं. आपल्याकडे असा तक्ता आहे का? नसेल तर तो कसा तयार करायचा? आणि 21 टक्क्यांना उत्तर काय द्यायचं?

आकडेमोड
हुबेहूब तसा तक्ता मिळणार नाही. कारण वर्गीकरणातच फरक आहे. अमेरिकेत मोटारदुरुस्ती याच गटात धरतात. आपल्या एनआयसी-2008 मध्ये, म्हणजे उद्योगांच्या राष्ट्रीय वर्गीकरणात, ती व्यापाराच्या विभागात जाते. मोटारींची दुरुस्ती 452 मध्ये, आणि मोटारसायकलींची 454 मध्ये, तीही विक्रीबरोबर एकत्र. ‘इतर सेवा’ म्हणजे विभाग एस, त्यात तीन भाग: 94 सभासद-संस्था, 95 संगणक आणि घरगुती वस्तूंची दुरुस्ती (मोबाइल, फ्रीज, चपला, घड्याळं), 96 वैयक्तिक सेवा. या 96 मध्येही लाँड्री 9601, केशकर्तन-सौंदर्य 9602, अंत्यसंस्कार 9603. म्हणजे ‘इतर सेवां’चा तयार आकडा उचललात तर त्यात तुमचं गॅरेज नसतंच, आणि देवस्थानाचे पुजारी मात्र असतात.

वेतनासाठी मुख्य आधार पीएलएफएस, म्हणजे सरकारचं नियमित श्रमशक्ती सर्वेक्षण. सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर नोंदणी केली की व्यक्तिनिहाय फाइल फुकट मिळते. त्यात एक खाच आहे, आणि बहुतेक जण तिथेच चुकतात. व्यक्तीच्या मुख्य कामाचा उद्योग पाच अंकी कोडने दिलेला असतो, पण कमाईचे रकाने चालू आठवड्याच्या कामाशी जोडलेले असतात आणि तिथे उद्योगाचा कोड फक्त दोन अंकी. त्यामुळे आठवड्याच्या 96 मधून सलून आणि लाँड्री थेट वेगळं होत नाही. त्याला व्यवसायाचा तीन अंकी कोड जोडा. एनसीओ-2015 मध्ये, म्हणजे व्यवसायांच्या राष्ट्रीय वर्गीकरणात, 514 म्हणजे केशकर्तन-सौंदर्याचं काम करणारे, 723 म्हणजे यंत्रदुरुस्ती करणारे. उद्योग 45 आणि व्यवसाय 723 एकत्र घेतले की शोरूमचे विक्रेते गळतात, मेस्त्री उरतात. पण नवशिका हेल्पर 9 ने सुरू होणाऱ्या प्राथमिक कामांत नोंदवलेला असू शकतो, त्याला वेगळं शोधावं लागतं. सुरुवातीच्या फेऱ्यांत एनसीओ-2004 होतं आणि त्यातलं 514 बरंच ऐसपैस आहे, म्हणून जुनं-नवं 514 सरळ शेजारी मांडू नका.

कामाच्या स्थितीचे कोड: 31 नियमित पगारी, 51 रोजंदारी, 11 आणि 12 स्वतःचा धंदा, 21 घरच्या धंद्यात बिनपगारी मदत. वेतनाच्या सरासरीत फक्त 31 घ्या. 21 वाल्यांची शून्य कमाई चुकून आत आली की सरासरी कोसळते. 51 चा हिशेब वेगळा करा, त्यांची कमाई सात दिवसांची दिवसवार नोंद असते. एका दिवसाला 30 ने गुणायचं नाही. आठवड्याची बेरीज करा, खाडे त्यातच येतात.

भारांक, म्हणजे नमुन्यातला एक माणूस किती माणसांच्या वतीने मोजायचा तो आकडा, न लावता काढलेली सरासरी निरुपयोगी. तो फाइलीतल्या ‘गुणक’ रकान्यातून काढायचा. 2024 पर्यंतच्या फाइलींसाठी एनएसएस आणि एनएससी हे रकाने सारखे असतील तर गुणक भागिले 100, नसतील तर भागिले 200. वर्षाच्या सगळ्या तिमाही एकत्र घेतल्या असतील तर त्याला तिमाहींच्या संख्येनेही भागायचं. एका जिल्ह्यापुरता आकडा काढण्याच्या भानगडीत पडू नका, नमुना पुरणार नाही. पूर्ण महाराष्ट्र घ्या, लागोपाठची दोन वर्षं जोडा, आणि सरासरीऐवजी मध्यक (चढत्या क्रमात मधोमध येणारा पगार) द्या. जानेवारी 2025 पासून नमुन्याची रचना बदलली आहे, त्यामुळे तिथे रेघ ओढून थांबा.

भाव_आणि_भाकरी
21 टक्क्यांचं उत्तर औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकात आहे. डिसेंबर 2019 चा अखिल भारतीय निर्देशांक 330, पण तो 2001 पायावर, म्हणजे 2001 चे भाव 100 धरून. डिसेंबर 2024 चा 143.7, तो 2016 पायावर. दोन्ही एका पायावर आणायला जोड-गुणक 2.88.

143.7 × 2.88 = 413.9
413.9 ÷ 330 = 1.254

म्हणजे पाच वर्षांत भाव 25.4 टक्क्यांनी वाढले. 12,000 ची किंमत तशीच टिकवायची तर डिसेंबर 2024 मध्ये 15,050 हवे होते. मिळाले 14,500. जुन्या भावांत ते 11,560 च्या आसपास भरतात. हेल्परला वाढ मिळालीच नाही, त्याचा पगार साडेतीन टक्क्यांहून जास्त घटला. मागणीपत्रकात हे तीन आकडे एकाखाली एक ठेवा, खाली 2.88 कुठून आला तेही लिहा. समोरचा हिशेबनीस पहिल्यांदा तेच विचारेल.

नाशिक केंद्राचा निर्देशांक वापरणार असाल तर त्या केंद्राचा स्वतंत्र जोड-गुणक घ्या. 2.88 अखिल भारतीय मालिकेचा आहे.

खुर्ची_नंबर_तीन
सलूनला हा हिशेब तसाच लावला तर फसाल. तिथे ‘पगार’ तीन तऱ्हांचा असतो: पक्का पगार, पगार अधिक टक्के, आणि निम्मे-निम्मे. मधल्या प्रकारात खरी कपात दडते. समजा 10,000 पक्के आणि 40,000 च्या वरच्या धंद्यावर 10 टक्के. महिन्याला 65,000 चा धंदा केला तर 2,500 वरचे, एकूण 12,500. आता मालकाने पक्का पगार आणि टक्का तसाच ठेवून उंबरठा 50,000 केला, की तेवढ्याच धंद्यावर 1,500 मिळतात, एकूण 11,500. कागदावर पगार कमी केलेला नाही आणि हातात हजार रुपये कमी!

म्हणून कामगारांकडून माहिती भरून घेताना हे रकाने वेगळे ठेवा: पक्का पगार, टक्का, उंबरठा, टक्के काढण्याआधी क्रीम-कलरचा खर्च कापतात का, टक्के जीएसटी धरून की वगळून, बक्षिशी कुणाकडे जाते. आणि महिना जुळवून घ्या. श्रावणातली कमाई एका वर्षाची आणि लगीनसराईतली दुसऱ्या वर्षाची, अशी तुलना झाली तर सगळी मेहनत वाया.

गॅरेजमध्ये ‘लेबर’ आणि ‘पार्ट’ वेगळे करा. पार्टांवरचा नफा मेस्त्रीकडे क्वचितच येतो. एप्रिल 2020 मध्ये वाहनांच्या धुराचे बीएस-6 नियम लागू झाल्यापासून दुचाकीतही फ्युएल इंजेक्शन आलं. स्कॅनर लावून सेन्सरचा दोष शोधणारा मेस्त्री आणि कार्ब्युरेटरवर हात बसलेला जुना मेस्त्री यांना एकाच ओळीत टाकलं तर दोघांचंही चित्र चुकतं. वेगळी ओळ द्या.

गोदाकाठ
निर्देशांकाचा हिशेब लगेच मसुद्यात घेतो. दोन शंका. छोट्या गॅरेजांमधला रोजगार वाढतोय की घटतोय, यासाठी पीएफच्या नव्या नोंदी चालतील का? आणि किमान वेतनाशी तुलना कशी मांडू?

आकडेमोड
पीएफच्या नोंदी नकोत. कायदा 20 किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांना लागू, तुमची बहुतेक गॅरेजं आणि सलून त्याच्या बाहेर. शिवाय जुना कामगार पहिल्यांदा नोंदला गेला तरी तो ‘नवा’ दिसतो. त्याऐवजी असंघटित उद्योगांचं वार्षिक सर्वेक्षण, एएसयूएसई, बघा. देशभरात 2022-23 मध्ये 6.50 कोटी आस्थापना आणि 10.96 कोटी कामगार होते, 2023-24 मध्ये 7.34 कोटी आणि 12.06 कोटी. पगारी कामगाराचा वार्षिक मोबदला सरासरी 13 टक्के वाढून सुमारे 1.41 लाखांवर गेला, म्हणजे महिन्याला पावणेबारा हजार. पण हा आकडा उत्पादन, व्यापार, सेवा सगळ्यांचा मिळून आहे, गॅरेजचा म्हणून छापू नका. यातही बहुतेक आस्थापनांत पगारी माणूस नसतोच, मालक आणि घरचे. त्यामुळे रोजगार वाढला याचा अर्थ नोकऱ्या वाढल्या असा घेता येत नाही.

संस्थांच्या कार्यालयांबाबत एक गोष्ट राहिली. तिथला रखवालदार एजन्सीचा असेल तर तो 94 मध्ये नाही, सुरक्षा सेवेच्या 80 मध्ये मोजला जातो. कंत्राटी सफाईवाला 81 मध्ये. संस्थेने थेट पगारावर ठेवलेले तेवढेच 94.

नेमका_दर
किमान वेतनाचं. दर म्हणजे मूळ वेतन अधिक विशेष भत्ता. भत्ता वर्षातून दोनदा जाहीर होतो, जानेवारी-जून आणि जुलै-डिसेंबर. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे फक्त मूळ दर पाहणं, जो वर्षानुवर्षं हलत नाही. दुसरी चूक, दुसऱ्याच उद्योगाचा तक्ता लावणं. किमान वेतन कायद्याखालच्या यादीत गॅरेज आणि केशकर्तनालय वेगळे उद्योग आहेत, परिमंडळं (दरासाठी पाडलेले भाग) आणि कुशल-अर्धकुशल-अकुशल श्रेणीही त्या त्या अधिसूचनेप्रमाणे. वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली, तिच्यात अनुसूचित उद्योगांची अटच राहत नाही, किमान वेतन सर्वांना. संस्थांच्या शिपायांसाठी हे महत्त्वाचं. पण 2019-2024 ची तुलना त्या काळातल्या अधिसूचनांवरच करा.

रोजचा दर काढताना मासिक दर 26 ने भागा, 30 ने नाही. 14,500 ला 26 ने भागलं तर 558 होतात, 30 ने भागलं तर 483. जादा कामाचा मोबदला दुपटीने असल्यामुळे हा फरक तिथेही दुप्पट होतो. गॅरेजमध्ये सकाळी 9 ते रात्री 8 अशी पाळी असेल तर आधी जेवणाची सुट्टी वजा करून तास मोजा. मसुद्यात प्रत्येक कामगारापुढे तासांचा रकाना नसेल तर तो आजच घाला, नंतर माणसं पुन्हा भेटत नाहीत.