मदत हवी आहे: लिनक्स कर्नलला पाठवलेला पॅच रिव्ह्यूत अडकलाय, पुढची आवृत्ती कशी पाठवू?

कोडकुतूहल:

मेनलाइन (मुख्य अधिकृत) कर्नलमधल्या एका जुन्या सेन्सर ड्रायव्हरला पॅच, म्हणजे कोडमधला बदल, मेलने पाठवला आहे. ड्रायव्हरचं नाव मुद्दाम देत नाही, कोणावर रोख नाही. पॅचमध्ये तीन बदल आहेत:

केझेडअलॉक (मेमरी घेणं) आणि रिक्वेस्ट_थ्रेडेड_आयआरक्यू (इंटरप्टचा हँडलर लावणं) यांच्या जागी त्यांची डेव्हएम_ रूपं, म्हणजे डिव्हाइस काढताना आपोआप सुटणारी. प्रोबमधल्या (डिव्हाइस जोडताना चालणाऱ्या फंक्शनमधल्या) डेव्ह_एर या एरर-संदेशाच्या जागी डेव्ह_एर_प्रोब. आणि चेकपॅच या कोडची शैली तपासणाऱ्या स्क्रिप्टने दाखवलेली इंडेंटेशनची दुरुस्ती. रिमूव्हमधलं (डिव्हाइस काढताना चालणाऱ्या फंक्शनमधलं) रेग्युलेटर_डिसेबल (चिपची वीज बंद करणं) आणि कॅन्सल_डिलेड_वर्क_सिंक (रांगेतलं काम रद्द करणं) होतं तसंच ठेवलंय, फ्री_आयआरक्यू (इंटरप्ट सोडणं) तेवढं काढलं.

अडचणी अशा:
१) एक रिव्ह्यूअर म्हणतो, तीन पॅच करा. दुसरा म्हणतो, असल्या बारीक पॅचची गर्दी नको. कोणाचं ऐकायचं?
२) डेव्हएमच्या बदलाखाली फक्त 'का?' एवढंच लिहून आलंय. याला काय उत्तर देतात?
३) व्ही२ (दुसरी आवृत्ती) पाठवल्यावर सगळं शांत. आठवण केव्हा आणि कशी करायची?
४) ऑफिसच्या मेलवरून गेलेला पॅच लागू होत नाही अशीही तक्रार आहे. माझ्याकडे तर नीट लागतो.

---

टॅब_आठ:

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तुमच्या पॅचमध्ये बग आहे आणि तो 'का?' बहुतेक त्यासाठीच आहे.

डेव्हएमने घेतलेल्या गोष्टी रिमूव्ह संपल्यानंतर सुटतात, आणि ज्या क्रमाने घेतल्या त्याच्या उलट क्रमाने. तुमच्या रिमूव्हमध्ये आधी काम रद्द होतं, मग रेग्युलेटर बंद होतो, पण आयआरक्यू (इंटरप्ट) अजून जिवंतच. तेवढ्यात इंटरप्ट आला तर हँडलर बंद चिपवर आय-टू-सी बसवरून वाचन करणार, आणि वर नुकतंच रद्द केलेलं काम पुन्हा रांगेत टाकणार. ते काम चालेल तोवर मेमरी सुटलेली असेल. पूर्वीच्या कोडमध्ये फ्री_आयआरक्यू आधी होतं म्हणून हे होत नव्हतं.

अर्धं डेव्हएम, अर्धं हाताने, हे मिश्रण म्हणूनच रिव्ह्यूअरच्या डोळ्यात खुपतं. करायचं तर पूर्ण करा. प्रोबमधला क्रम: आधी डेव्हएम_रेग्युलेटर_गेट_एनेबल, मग डेव्हएम_डिलेड_वर्क_ऑटोकॅन्सल, सगळ्यात शेवटी डेव्हएम_रिक्वेस्ट_थ्रेडेड_आयआरक्यू. उलटं सुटताना आयआरक्यू पहिल्यांदा जाईल, मग काम, मग वीज. चिपला स्लीपमध्ये घालण्यासारखं आणखी काही असेल तर डेव्हएम_ॲड_ॲक्शन_ऑर_रिसेट वापरा. रिमूव्ह रिकामं झालं की काढूनच टाका. मग 'का?' चं उत्तर आपोआप मिळतं: रिमूव्ह आणि प्रोबचा एरर-पाथ यांतला दुहेरी क्लीनअप जातो.

हे उत्तर नुसतं मेलमध्ये देऊन थांबू नका. ते व्ही३ च्या कमिट मेसेजमध्ये आलं पाहिजे. रिव्ह्यूअरला जी शंका आली ती पुढे कोड वाचणाऱ्यालाही येणार, आणि त्याच्या हाती गिट लॉगच असणार. कमिट मेसेज आज्ञार्थी, 75 कॉलमांत. 'चेकपॅचने सांगितलं' हे कारण स्टेजिंगबाहेर (स्टेजिंग म्हणजे अजून कच्च्या ड्रायव्हरांचा विभाग) सहसा चालत नाही.

---

सह्यकडा:

पहिल्या प्रश्नातला विरोध वरवरचा आहे. 'तीन करा' म्हणणाऱ्याला एका पॅचमध्ये एकच तर्क हवा आहे, कारण बायसेक्ट करताना (बग कोणत्या कमिटने आला ते शोधताना) प्रत्येक कमिट स्वतंत्र बिल्ड आणि बूट व्हायला लागतो. 'गर्दी नको' म्हणणाऱ्याला बहुधा इंडेंटेशनचा पॅचच नको आहे. तो टाकून द्या. त्याने गिट ब्लेम (कोणती ओळ कोणत्या कमिटने आली ते दाखवणारं) गढूळ होतं आणि स्टेबलमध्ये, म्हणजे जुन्या स्थिर आवृत्त्यांत, बॅकपोर्ट करणाऱ्याला नाहक कॉन्फ्लिक्ट सोडवावे लागतात. उरले दोन पॅच. दोघंही खूश होतील असं वाटतं.

तरी मतभेद राहिलाच तर मेंटेनर्स फाइल उघडा. 'एम' च्या ओळीतली माणसं मेंटेनर, 'आर' च्या ओळीतली नेमलेली रिव्ह्यूअर. पॅच उचलणार 'एम' वाला. त्याच थ्रेडवर सगळ्यांना सीसीत ठेवून दोन ओळी लिहा: 'अमुक असं सुचवतात, तमुक तसं, मी दोन पॅचची मालिका करतो आहे, चालेल?' उत्तर येईपर्यंत व्ही३ पाठवू नका. वाद चालू असताना नवी आवृत्ती टाकली की तीच चर्चा दोन थ्रेडवर विखुरते, आणि आपल्याकडे दुर्लक्ष केलं असंही रिव्ह्यूअरला वाटतं.

उत्तर लिहिताना त्यांचा मजकूर कापून, ज्या ओळीबद्दल बोलताय तिच्या खाली लिहा. वर उत्तर आणि खाली अख्खी मेल, ही ऑफिसची सवय तिथे चालत नाही. प्रत्येक मुद्द्याला 'करतो' किंवा 'करत नाही, कारण...' एवढं तरी हवं. एक मुद्दा गाळला तर पुढच्या फेरीत पहिली टिप्पणी त्याचीच असते. तो एकशब्दी 'का?' राग म्हणून घेऊ नका, दिवसभर पॅच वाचणारी माणसं अशीच लिहितात.

---

शून्यपॉइंटर:

मी थोडा वाकड्यात शिरतो. हार्डवेअर हाताशी आहे का? नसेल तर डेव्हएमचा हा पॅच पाठवूच नये असं माझं मत. चालू ड्रायव्हरच्या साफसफाईत फायदा थोडा, मोडण्याचा धोका मात्र खरा. पॅच पाठवणारा निघून जातो आणि रिग्रेशन (आधी चालणारं मोडणं) मेंटेनरच्या गळ्यात पडतं. अनोळखी नावाच्या क्लीनअपकडे संशयाने पाहिलं जातं ते यामुळे, उर्मटपणामुळे नव्हे.

हार्डवेअर असेल तर ते कमिट मेसेजमध्ये लिहा: कोणत्या बोर्डवर, आणि लोड चालू असताना बाइंड-अनबाइंड करून पाहिलं का. सिसएफएसमधल्या अनबाइंड फाइलमध्ये डिव्हाइसचं नाव लिहून, कासॅन (मेमरीच्या चुका पकडणारं) आणि लॉकडेप (लॉकिंगच्या चुका पकडणारं) चालू ठेवून फिरवा. वर टॅब_आठ यांनी दाखवलेला सुटलेली मेमरी वापरण्याचा (यूज-आफ्टर-फ्री) बग कासॅन पकडू शकतो, पण इंटरप्ट नेमका त्या फटीत आला तरच. म्हणून लूपमध्ये चालवा.

---

सह्यकडा:

हे जरा टोकाचं वाटतं, पण चाचणीचा उल्लेख हवा हे मान्य. केली नसेल तर 'फक्त कंपाइल करून पाहिलं' असं सरळ लिहावं.

आता शांततेबद्दल. आधी कॅलेंडर पाहा. कर्नलचं चक्र 9 ते 10 आठवड्यांचं, त्यातले पहिले दोन आठवडे मर्ज विंडो, म्हणजे जमलेलं काम मेनलाइनमध्ये घेण्याचा काळ. त्या काळात बरेच मेंटेनर नवीन काम बघत नाहीत; नेटवर्किंगवाले तर नेट-नेक्स्ट ही नव्या कामाची ट्री बंदच ठेवतात. आरसी१ (पहिली चाचणी-आवृत्ती) आलं की पुन्हा हालचाल सुरू होते. आरसी६ नंतर पाठवलेली साफसफाई बहुतेक पुढच्या चक्रात जाते.

एरवी किमान एक आठवडा थांबा, दोन-तीन थांबलात तर उत्तम. मग त्याच मेलला नम्र उत्तर द्या. लिनक्स-नेक्स्टमध्ये (पुढच्या चक्रासाठी घेतलेल्या पॅचची ट्री) आणि पॅचवर्कवर (पॅचची स्थिती दाखवणारी साइट) मात्र आधी बघून घ्या, कधीकधी पॅच गुपचूप घेतलेलाही असतो. काही न बदलता पुन्हा पाठवायचा असेल तर विषयात 'रीसेंड' लिहा, आवृत्तीचा आकडा वाढवू नका.

---

टॅब_आठ:

ऑफिसच्या मेलचं: सर्व्हर टॅबचे स्पेस करतो, ओळी मोडतो. तुमच्याकडे मूळ फाइल लागते, त्यांच्याकडे पोचलेली मेल लागत नाही. गिट सेंड-ईमेलने आधी स्वतःलाच पाठवा, आलेली मेल कच्च्या स्वरूपात उतरवून स्वच्छ ट्रीवर गिट एएमने लावून पाहा. जीमेल असेल तर टू-स्टेप चालू करून ॲप पासवर्ड घ्या, पोर्ट 587. ब्राउझरमधल्या जीमेलमध्ये पॅच चिकटवू नका. 'ही मेल गोपनीय आहे' छापाची शेपटी ऑफिसचा सर्व्हर जोडत असेल तर सार्वजनिक लिस्टवर तो पॅच कोणी हातात घेणार नाही. बी४ या पॅच पाठवण्याच्या साधनाचा वेब एंडपॉइंट वापरलात तर ऑफिसच्या एसएमटीपीचा संबंधच उरत नाही.

कंपनीच्या वेळेत लिहिलं असेल तर साइन्ड-ऑफ-बाय टाकण्याआधी परवानगी घ्या. ती ओळ म्हणजे हा कोड देण्याचा हक्क मला आहे असं लेखी म्हणणं.

---

कोडकुतूहल:

सगळ्यांचे आभार. बोर्ड आहे, अनबाइंडचा लूप लावतो. इंडेंटेशन टाकून दिलं. शेवटची शंका: व्ही२ वर डेव्ह_एर_प्रोबच्या भागाला एकाने रिव्ह्यूड-बाय (तपासून मान्य केल्याचा टॅग) दिलं होतं. मालिका केली तर ते ठेवायचं का? आणि व्ही३ जुन्या थ्रेडलाच जोडायचा?

---

टॅब_आठ:

तो भाग जसाच्या तसा वेगळा पॅच होत असेल तर त्यावर ठेवा. डेव्हएमच्या पॅचवर अजिबात नको, तो आता वेगळाच कोड आहे. दिलेला टॅग काढलात तर का काढला ते तीन डॅशांच्या खाली लिहा. तिथला मजकूर गिट इतिहासात जात नाही, व्ही२ पासूनच्या बदलांची यादीही तिथेच किंवा कव्हर लेटरमध्ये. व्ही३ नव्या थ्रेडमध्ये पाठवा आणि व्ही२ ची लोरवरची (कर्नलच्या मेल-लिस्टांचा संग्रह) लिंक द्या. फॉरमॅट-पॅचला बेस=ऑटो (पॅच कोणत्या कमिटवर बसतो त्याची नोंद) द्यायला विसरू नका, त्यासाठी ब्रांचला अपस्ट्रीम लावलेलं असावं लागतं.