सिरॅमिकच्या प्रदर्शनात कलाकाराने बोलावं की चाकावर बसावं?

सुगड

गेल्या शनिवारी दक्षिण मुंबईतल्या एका गॅलरीत सिरॅमिकचं प्रदर्शन बघायला गेले होते. नावं लिहीत नाही, कारण तक्रार तेवढ्यापुरती नाहीच. काम फार सुंदर होतं, हे आधीच सांगते. कमरेएवढे रांजणासारखे आकार, बाहेरून खरखरीत राखाडी आणि आत डोकावलं की तळाशी हिरव्या-निळ्या झिलईचं, म्हणजे काचेसारख्या लेपाचं, डबकं. भट्टीत झिलई वितळून खाली उतरली आणि तिथेच गोठली. विहिरीत वाकून बघतात तशी मी वाकले, तर मागून सुरक्षारक्षक, ‘मॅडम, लांबून.’

मग कलाकाराचं बोलणं. पाऊण तास, स्लाइडवर स्लाइड, सगळं इंग्रजीत. समोर पंचवीसेक माणसं, त्यातली निम्मी तरी मराठी-गुजराती. ‘मटेरियलिटी’ सात वेळा आलं, मी मोजलं. शेवटी प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा मी विचारलं, ते तळाचं डबकं तुम्ही ठरवून आणलंत की भट्टीने दिलं? आधी किती फसली? उत्तर आलं, ‘आपण प्रोसेसमध्ये नको अडकूया.’

अहो, प्रोसेसमध्ये अडकायचं नव्हतं तर मातीत कशाला पडलात? चित्रकार शेवटच्या फटकाऱ्यापर्यंत चित्रासमोर उभा असतो. सिरॅमिकवाल्याचं काम भट्टीचं दार लागलं की त्याच्या हातातून सुटतं. आत १२०० अंशांच्या वर काय झालं ते भट्टी निवल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळणार. ज्या कलेत एवढं नाट्य आहे तिच्यावर बोलून लोकांना जांभया आणणं, हेही कौशल्यच म्हणायचं.

१९५२ साली इंग्लंडमध्ये डार्टिंग्टन हॉलला कुंभारकाम आणि विणकाम करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय परिषद झाली. त्यानंतर इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच, जपानी कुंभार शोजी हमादा आणि जपानी विचारवंत सोएत्सु यानागी अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. लीच आणि यानागी व्याख्यानं द्यायचे, हमादा भांडी करून दाखवायचे. मोंटानातल्या आर्ची ब्रे फाउंडेशनमध्ये तेव्हा पीटर वोल्कस नावाचा तरुण काम करत होता. याच वोल्कसने पुढे मातीची भांडी चिरून, फाडून, एकावर एक रचून अमेरिकन सिरॅमिकचा चेहरा बदलला. आता सांगा, त्याला काय लागू पडलं असेल, व्याख्यान की हमादांचे हात?

माझी आजी माठ घेताना वाजवून घ्यायची. खणखणीत वाजला तर पैसे, बद्द वाजला तर परत. प्रदर्शनात एक तरी तुकडा असा ठेवा जो हातात घेऊन वाजवता येईल. आणि भाषणाचा निम्मा वेळ चाकाला द्या. पटतंय का?

कोपऱ्यातला

+१. मी गेलो होतो तिथे कलाकाराने मातीवरची स्वतःची कविता वाचली. भांडी चांगली होती.

कोन_दहा

असहमत, आणि जरा रागानेच लिहितेय. मी पंधरा वर्षं स्टोनवेअर, म्हणजे खूप तापमानाला भाजलेली घट्ट भांडी, करते. (टोपणनावाबद्दल विचाराल म्हणून: भट्टीत तापमान कळायला ‘कोन’ म्हणजे छोटे शंकू ठेवतात, दहा नंबरचा साधारण १३०० अंशांना वाकतो.)

‘प्रोसेसमध्ये नको अडकूया’ हे ती बाई माजाने नाही, दमून म्हणाली असणार. त्या प्रश्नाची शेपटी कुठवर जाते ते आम्हाला पाठ झालंय. किती डिग्री? मग, घरच्या ओव्हनमध्ये होईल का? मग, मायक्रोवेव्हला चालतं का? मग, यात मनीप्लांट लावला तर? आणि शेवटी, एवढ्याशा मगाचे अठराशे? चित्रकाराला कोणी विचारतं का, की ब्रश कुठल्या कंपनीचा? मातीवाल्याला मात्र आपण कलाकार आहोत हे दर वेळी पहिल्यापासून सिद्ध करावं लागतं. मग तोंडात जड शब्द येतात. चिलखत आहे ते.

आणि चाक द्या म्हणजे काय? आमच्यातले कितीतरी जण चाकाला हातही लावत नाहीत. इंग्रज कलाकार ग्रेसन पेरी मातीच्या वळ्या रचून भांडी करतो. घाट अगदी जुन्या फुलदाणीचा आणि वर चितारलेला हिंसेचा, लैंगिकतेचा, वर्गभेदाचा मजकूर. त्याला २००३ सालचं टर्नर पारितोषिक मिळालं, ब्रिटनमधलं कलेचं मोठं पारितोषिक. २०१३ साली बीबीसीची रीथ व्याख्यानं त्यानेच दिली. रेडिओवर हो! दाखवायला काही नाही, नुसतं बोलणं, आणि लोकांनी मिटक्या मारत ऐकलं.

दुसरं उदाहरण चिनी कलाकार आय वेवेचं. २०१० मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयाच्या टर्बाइन हॉलमध्ये सूर्यफुलाच्या सुमारे दहा कोटी बिया पसरल्या होत्या, सगळ्या पोर्सेलिनच्या. चीनमध्ये जिंगदेझेनला सोळाशेएक कारागिरांनी एकेक बी हाताने रंगवली. कोणी बोललंच नसतं तर तुम्ही तो करड्या बियांचा ढीग समजून चहा प्यायला गेला असता. हात लावण्याचं म्हणाल, तर सुरुवातीला लोकांना त्यावर चालू दिलं होतं. पोर्सेलिनची धूळ उडायला लागली, ती फुप्फुसात जायला नको म्हणून दोन-तीन दिवसांत दोरी बांधली.

आणि हमादांची गोष्ट तुम्ही अर्धीच वापरलीत. यानागींचा ‘अनामिक कारागीर’, म्हणजे नाव न लावता रोजच्या वापराच्या सुंदर वस्तू करणारा माणूस, कोणी समजावला नसता तर हमादांचं भांडं कित्येकांना तपकिरी वाडगाच वाटलं असतं.

सुगड

मायक्रोवेव्हचा मुद्दा मान्य. मीही विचारला असता. :) चाकाचंही मान्य, वळ्या रचून दाखवा, तेही बघू.

पण मी किंमत नव्हती विचारली, डबकं विचारलं होतं. ‘तीनदा तळाला तडा गेला, चौथ्यांदा आलं’ हे वाक्य ‘मटेरियलिटी’पेक्षा कमी कलेचं कसं? सिरॅमिक कलाकार निर्मला पटवर्धनांनी झिलईची सूत्रं हँडबुक लिहून सगळ्यांपुढे ठेवली. त्यांची कला त्याने खाली आली का?

फडताळ

मी प्रदर्शनं मांडायचं काम करते, म्हणून थोडं या बाजूने.

हात लावू देत नाहीत ते हौसेने नाही. काम उसनं आणलेलं असतं, विमा असतो आणि झिलई नसलेल्या पृष्ठभागावर बोटांचं तेल शोषलं जातं, डाग जात नाही. पण धागाकर्तीचं, म्हणजे ही चर्चा सुरू करणाऱ्या सुगडचं, दुखणं खरं आहे. आम्ही एकदा दाराशी एक टोपली ठेवली होती. तडकलेले तुकडे, भट्टीत फसलेली भांडी, झिलईच्या टेस्ट टाइल. व्याख्यानाला तीस माणसं आली, टोपलीपाशी दिवसभर घोळका. सात-आठ वर्षांची एक मुलगी दोन तुकडे घेऊन बसली होती. एक नुसता बिस्क, म्हणजे पहिल्या भाजणीचा, दुसरा पूर्ण भाजलेला. दोन्ही नखाने वाजवून आईला म्हणाली, ‘हा बोलतो, हा गप्प बसतो.’ आमच्या कॅटलॉगमधला निबंध मीच लिहिला होता. त्यात असं एक वाक्य नव्हतं.

तरी व्याख्यानं बंद करा हे मला पटत नाही. आपल्याकडे सिरॅमिकवर लिहितं कोण? इंडियन सिरॅमिक्स ट्रायनाले हे सिरॅमिकचं मोठं प्रदर्शन २०१८ साली जयपूरला जवाहर कला केंद्रात झालं, दुसरं २०२४ ला दिल्लीत. मराठीत त्यांबद्दल किती वाचलंत? कलाकार स्वतः बोलला नाही तर त्या कामाबद्दल एक ओळही मागे राहत नाही.

आवा

तुम्हा दोघींचं भांडण वाचून गंमत वाटली, थोडं लागलंही.

आम्ही कुंभार. म्हणजे मी बँकेत आहे, काका अजून आवा, म्हणजे कुंभाराची भट्टी, लावतो. चारेक वर्षांपूर्वी एका मोठ्या प्रदर्शनात त्याला ‘लाइव्ह डेमो’साठी बोलावलं होतं. फेटा त्यांनीच दिला. काका जन्मात कधी फेटा बांधून चाकावर बसला नव्हता, पंचा असतो डोक्याला, घाम पुसायला. आत एसीत कलाकाराचं व्याख्यान आणि बाहेर फरशीवर प्लास्टिक अंथरून काका. चार तासांत चाळीसेक बोळकी काढली. पोरांनी चिखलात हात घातले, लोकांनी सेल्फी काढल्या, ‘किती छान’ म्हणाले. एकाने प्रश्न विचारला नाही. माइक आत होता. जाताना बोळकी लोकांनी तशीच नेली, कच्ची. घरी जाऊन धुतली असतील म्हणजे संपलंच.

म्हणून कोणी ‘चाक द्या’ म्हटलं की मला तो फेटा आठवतो.

काकाला काय माहीत आहे सांगू? नव्या जागेची माती आणली की चिमूटभर जिभेला लावतो. खारट लागली तर ती जागा सोडायची, मागाहून भांड्याला मीठ फुटतं. चुनखडीचा मुगाएवढा खडा राहिला तर माठ आव्यातून धड निघतो, वाजतोही चांगला, आणि गिऱ्हाइकाच्या घरी आठवड्याने टवका उडतो. म्हणजे धागाकर्तीच्या आजीलाही चुनखडी फसवू शकते. यावर तो तासभर बोलेल. त्याला स्लाइड लागत नाही.

‘अनामिक कारागीर’ हेही जरा जपून. हमादांनी पुढे भांड्यावर सही करणं सोडलं, पण १९५५ मध्ये जपान सरकारने त्यांना जिवंत राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर केलं. सही न करणं अशा माणसाला शोभतं. भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयात मुंबईच्या आर्ट स्कूलची १९व्या शतकातली भांडी आहेत, बघून या, देखणी आहेत. तिथलं भांडीकाम उभं करणाऱ्या जॉर्ज टेरींचं नाव सगळे घेतात. त्या कामासाठी सिंधहून आलेल्या कुंभारांपैकी एकाचं नाव सांगा बरं.

जाता जाता, आमच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी वाजवून पाहिली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं. मला विचाराल तर पहिलं आर्टिस्ट टॉक तेच. तेव्हा बोलत कुंभार होता, आणि संत रांगेत बसले होते.

कोपऱ्यातला

शेवटच्या ओळीला +१००.

कोन_दहा

हे वाचून थोडा वेळ काही लिहिलं नाही.

पण वाद सोडत नाही. भाईंदरचे ब्रह्मदेव राम पंडित बिहारच्या कुंभार घरातले. स्टुडिओ पॉटरीत नाव काढलं, २०१३ मध्ये पद्मश्री. तेव्हा आत-बाहेरची भिंत ओलांडता येतेच.

आणि काकांना माइक मिळायला हवा यात शंका नाही, त्याने माझा मुद्दा मात्र पुसला जात नाही. मी करते ते माठ नाही. त्यात पाणी गार होत नाही, त्यात काहीच होत नाही. ते का केलं हे मला सांगायचं असतं, आणि तो हक्क मला हवाय. मराठीत सांगेन, हे कबूल. अडचण शब्दांची आहे. ग्लेझला झिलई झाली. बिस्कला काय म्हणू?

आवा

बिस्कच म्हणा. काका थर्मोकोलला थर्मोकोलच म्हणतो.

पंडितांबद्दल आदर आहेच. पण एक जण चढून गेला म्हणून आपण टाळ्या वाजवतो, म्हणजे भिंत किती उंच आहे बघा.

सुगड

फेट्याचं वाचून माझी मागणी बदलते. करणारा आणि बोलणारा वेगळे नकोत. जो करेल त्यानेच बोलावं, हात चालू असतानाच बोलावं, आणि मध्ये थांबवून विचारायची मुभा असावी.

कोन_दहा

हात चालू असताना मला बोलता येत नाही, भांडं जातं. पण एक करता येईल. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात माझी भट्टी उघडायची आहे. पंधरा-वीस जणांना बोलावते आणि दार त्यांच्यासमोर उघडते, आत जे निघेल ते निघेल. फुटलेलं असेल तर त्यावरच बोलेन. आवा, काका येतील? खुर्ची, माइक आणि माझ्याइतकंच मानधन. फेटा नाही.

फडताळ

टोपली मी आणते.

आवा

काकाला फोन केला होता. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जमणार नाही म्हणाला, सुगडांची ऑर्डर आहे, संक्रांतीपर्यंत मान वर करायला फुरसत नाही. त्यानंतर कधीही. मानधनाचं ऐकून दोनदा विचारलं, ‘नक्की तेवढंच?’

आणि तुमची भट्टी गॅसची की लाकडाची ते विचारलंय. त्या मुंबईच्या बाईंनी तळाशी डबकं कसं साठवलं, भांड्याला तडा कसा गेला नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल तर सांगून ठेवा म्हणाला.