अंधाऱ्या हिवाळ्यात तुम्हाला काय तारून नेतं?

घड्याळ म्हणतंय साडेचार आणि खिडकीबाहेर रात्र. सकाळी निघते तेव्हा अंधार, परत येते तेव्हा अंधार, मधे सूर्य येऊन गेला म्हणे, मी मीटिंगमध्ये होते. दर वर्षी नोव्हेंबर आला की मी ठरवते की यंदा मनावर घ्यायचं नाही आणि दर वर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी सात वाजता पांघरुणात असते, भूक नसताना खात असते आणि कुणाचा फोन आला तर तो वाजून बंद होईपर्यंत बघत बसते.

तर सांगा, तुम्ही काय करता? मोठे उपाय नकोत हं. नोकरी बदल, पहाटे पाचला उठून पळत जा, हे ऐकून झालंय. मला लहान गोष्टी हव्यात, स्वतःपुरत्या, हाताशी असलेल्या. (आठवडेच्या आठवडे काहीच बरं वाटत नसेल, उठवतच नसेल, तर ते लहान गोष्टींचं काम नाही, डॉक्टरांकडे जायचं. मी एका वर्षी गेले होते, लाजण्यासारखं काही नाही त्यात.)

माझ्यापासून सुरुवात करते. शेकायची पिशवी. झोपायच्या वीस मिनिटं आधी पांघरुणात पायांच्या जागी ठेवून द्यायची आणि आपण दात घासायला जायचं. परत येऊन आत पाय टाकला की जे वाटतं ना, त्यासाठी मी अख्खा दिवस काढू शकते.

—

दिवा. म्हणजे लाइट थेरपीचा, हिवाळी उदासीवर वापरतात तो प्रखर दिवा. सविस्तर लिहितो कारण मी यात दोन चुका केल्यात, तुम्ही करू नका.

पहिली चूक म्हणजे खोक्यावर १०,००० लक्स (उजेड मोजायचं एकक) वाचलं आणि घेऊन आलो. घरी आल्यावर बारीक अक्षरात दिसलं की तो आकडा दिव्यापासून १५ सेंटीमीटरवरचा आहे! म्हणजे नाक दिव्याला टेकवून बसलं तर. लांब गेलं की उजेड फार झपाट्याने कमी होतो, हातभर अंतरावर तो दिवा नुसता शोभेचा. मोठ्या पॅनलचा घ्यायचा आणि १०,००० लक्स किती अंतरावर मिळतात ते आधी बघायचं. दिव्याकडे टक लावून बघायचं नाही, तो समोर जरा बाजूला ठेवायचा, डोळे उघडे आणि आपण आपलं वाचत बसायचं, वीस ते तीस मिनिटं.

दुसरी चूक, मी तो ऑफिसातून आल्यावर लावायचो, कारण सकाळी वेळ कुणाला आहे. रात्री दोनपर्यंत टक्क जागा. हा दिवा शरीराच्या घड्याळाला सकाळ झाली असं सांगतो, तर ते सकाळीच सांगायला हवं, उठल्यावर तासाभरात. वेळ बदलल्यावर साधारण आठवड्याने फरक पडला. फार काही नाही, पण अकरा वाजता जो मेंदू मिटायचा तो दुपारपर्यंत उघडा राहायला लागला.

या हिवाळी उदासीला रीतसर नाव मिळालं ते १९८४ मध्ये, नॉर्मन रोझेंथल आणि त्यांच्या अमेरिकेतल्या सहकाऱ्यांच्या निबंधातून, आणि त्या पहिल्या अभ्यासातही प्रखर दिवे वापरून पाहिले होते. म्हणजे हे काही कालपरवाचं फॅड नाही. फक्त डोळ्यांचा आजार असेल किंवा बायपोलरचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, दिव्याने उलटंही होऊ शकतं.

—

हीटरवर वाळत घातलेले लोकरीचे मोजे. गरमगरम घालायचे. बास. बाकी काही लिहायला नाही.

—

वरच्या मोज्यांना आणि पहिल्या पिशवीला एकदम अनुमोदन, आणि त्याला कारणही आहे. पाय गरम झाले की पावलांतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, तिथून आतली उष्णता बाहेर पडते, शरीर आतून किंचित थंड होतं आणि ते थंड होणं म्हणजेच झोपेची खूण. मला हे कळेपर्यंत मी आपली अंगावर तीन स्वेटर घालून अनवाणी झोपायचे, आणि झोप का येत नाही म्हणून मोबाइल बघत बसायचे.

—

माझा दिलासा म्हणजे कपाटाच्या दारावर चिकटवलेला एक कागद. त्यावर रोजच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा, आणि मी रोज संध्याकाळी एक ओळ खोडतो. बायको म्हणते, कैदी भिंतीवर रेघा मारतात तसं दिसतं. दिसू दे.

पण त्या कागदाने मला एक गंमत शिकवली, जी शाळेत कुणी सांगितली नव्हती. आपण समजतो की २१-२२ डिसेंबरला सर्वात लहान दिवस, म्हणजे सूर्य सगळ्यात लवकर मावळणारा दिवस पण तोच. नाही! ५० अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास सगळ्यात लवकरचा सूर्यास्त १२ डिसेंबरच्या सुमारालाच होऊन जातो. म्हणजे सगळे लोक अजून सर्वात लहान दिवसाची वाट बघत हळहळत असतात तेव्हा संध्याकाळ गुपचूप लांबायला लागलेली असते. सकाळी मात्र उलटं, सर्वात उशिराचा सूर्योदय वर्षाच्या अगदी शेवटी किंवा जानेवारीच्या सुरुवातीला. कारण घड्याळातले बारा आणि सूर्य खरंच डोक्यावर येण्याची वेळ यांचं जमत नाही. पृथ्वीचा आस कललेला आहे आणि जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सर्वात जवळ असल्याने कक्षेत जरा जोरात पळते, त्यामुळे डिसेंबरात सूर्याची मध्यान्ह रोज जवळपास अर्धा मिनिट पुढे सरकते आणि सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्हीला सोबत ओढत नेते.

मी सकाळी कसाही असलो तरी उठतोच, सकाळशी माझं भांडण नाही. माझं भांडण संध्याकाळशी आहे. आणि तिची वाईट वेळ १२-१३ तारखेला संपली हे मला माहीत असतं, ऑफिसात बाकी कुणाला नसतं. त्या दिवशी मी उगाच खुशीत असतो. सुरुवातीला दिवसाला काही सेकंदच वाढतात म्हणा, पण कागदावर दिसतात ना.

—

मला प्रसन्न व्हायचंच नाहीये. कृतज्ञतेची डायरी झाली, मेणबत्त्या झाल्या, मंद संगीत झालं, आणि दर वेळी मला वाटायचं की आपण आपल्यालाच फसवतोय. माझा उपाय म्हणजे रडगाणं. एक मैत्रीण आहे, तिच्याकडेही अंधार माझ्याएवढाच. रोज संध्याकाळी पाच वाजता फोन, दहा मिनिटं, त्यात फक्त तक्रार करायची. ओठ फुटलेत, सगळ्या घरात ओल्या कपड्यांचा वास येतोय, शेजारी मुद्दाम आनंदी आहे. सांत्वन करायचं नाही, सल्ला तर अजिबात द्यायचा नाही हा नियम. दहा मिनिटांनी ठेवायचा. एकदा तिने चुकून मला 'सकारात्मक विचार कर' म्हटलं तर मी दोन दिवस फोन केला नाही.

—

हाहा, रडगाणंवाल्या ताई, मला पण घ्या तुमच्यात.

मी दुपारी बाहेर जाते. जेवणाच्या सुट्टीत पंधरा मिनिटं, पाऊस असला तरी. आधी मला वाटायचं ढगच ढग आहेत, बाहेर जाऊन काय फायदा, खोलीत ट्यूबलाइट तर लख्ख आहे. मग मोबाइलवर उजेड मोजायचं एक अ‍ॅप घेतलं, ते काही फार अचूक नसतं पण फरक कळायला पुरे. माझ्या टेबलावर तीनशेच्या आसपास लक्स. बाहेर, जो दिवस मी 'काळाकुट्ट' म्हणत होते त्या दिवशी, चार हजार! आपल्या डोळ्यांना पटतच नाही कारण ते आपोआप जुळवून घेतात. तेव्हापासून ढगांचं कारण चालत नाही मला. एक सहकारी पण यायला लागलाय, आम्ही बोलत नाही, नुसते चालतो. बोलायला लागलो की कामाचं निघतं.

—

आम्ही दक्षिण गोलार्धात, आमच्याकडे अंधार जून-जुलैत असतो. 'नोव्हेंबर आला की' वाचून हसू आलं. जगभर लोक उन्हात लोळत असतात, फोटो टाकत असतात आणि आम्ही पाच वाजता पडदे ओढतो, सहानुभूती शून्य. माझं सुख बाथटबमधलं गरम पाणी आणि दुसऱ्यांदा वाचायचं जाडजूड पुस्तक, नवीन नाहीच, जे आधी वाचलंय तेच. पुढे काय होणार हे माहीत असलेलं बरं वाटतं त्या दिवसांत.

—

लहान मुलं असलेल्यांसाठी. आम्ही रोज सहा ते साडेसहा सगळे दिवे बंद करतो आणि एक टॉर्च. भिंतीवर सावल्या. आधी हाताचा कुत्रा नि पक्षी, मग पुठ्ठा कापून राक्षस, आता तर तीन अंकी नाटक चालू आहे ज्यात माझं काम फक्त टॉर्च धरायचं आणि तेही नीट जमत नाही असं ऐकावं लागतं. पण पोरगा आता अंधार पडायची वाट बघतो! दुपारी चारला 'अजून का नाही पडला' म्हणतो. मला वाटतं माझ्या डोक्यातला डिसेंबर त्याने बदलून टाकला.

आणि एक, बल्ब. मी उजेड हवा म्हणून सगळीकडे ६५०० केल्विनचे पांढरेफेक लावले होते, घर म्हणजे दवाखान्याचा कॉरिडॉर. आता संध्याकाळच्या खोल्यांत २७०० चे पिवळसर, आणि छतावरचा दिवा लावायचाच नाही, दोन-तीन लहान दिवे खाली, कोपऱ्यांत.

—

दिव्यांचंच चाललंय तर माझंही.

हे गेल्यानंतरचा माझा दुसरा हिवाळा. पहिला कसा गेला ते आठवत नाही. सर्वात कठीण काय असायचं तर कुलूप उघडून काळोखात पाऊल टाकणं, भिंतीवर हात फिरवत बटण शोधणं. पस्तीस वर्षं ते काम मला कधी करावंच लागलं नव्हतं, ते आधी घरी यायचे. मुलीने सॉकेटला लावायचा एक साधा टायमर आणून दिला, चक्र फिरवून वेळ लावायचा असतो तसला, वाय-फाय वगैरे काही नाही. चार वाजता हॉलमधला दिवा लागतो. वळणावरून मला खिडकी दिसते. मला माहीत आहे की तो टायमर आहे. तरी बरं वाटतं.

—

ताई, तुमचं वाचून दोन मिनिटं थांबलो. मग लिहायला घेतलं ते आता जरा फालतू वाटतंय, पण लिहितो.

नॉर्वेत र्‍युकान नावाचं गाव आहे, दरीच्या तळाशी. सप्टेंबर संपता संपता ऊन जातं ते थेट मार्चमध्ये परत येतं, मधले जवळजवळ सहा महिने डोंगराची सावली. तर १९२८ मध्ये तिथल्या कारखान्याच्या कंपनीने लोकांसाठी रोपवे बांधला, कशासाठी, तर वर जाऊन ऊन बघून यायला! आणि २०१३ मध्ये डोंगरावर तीन मोठाले आरसे बसवले जे सूर्यामागे फिरतात आणि गावच्या चौकात उन्हाचा एक तुकडा पाडतात. इटलीत विगानेल्ला नावाच्या खेड्याने तर त्याच्या आधीच, २००६ मध्ये, असा आरसा बसवला होता. सगळ्या गावाला ऊन नाही मिळत, चौकालाच मिळतं, ज्याला हवं त्याने तिथे जाऊन उभं राहायचं.

हे वाचल्यावर मी आमच्या एकुलत्या उन्हाच्या खिडकीत आरसा ठेवला. माझं टेबल खोलीच्या पार आतल्या टोकाला आहे, तिथे कधीच ऊन येत नाही. आता ज्या दिवशी ढग नसतात त्या दिवशी पावणेबाराच्या सुमाराला एक चौकोन भिंतीवरून सरकत सरकत माझ्या कीबोर्डवर येतो, वीसेक मिनिटं बसतो आणि जातो. त्या वेळेत मी कुणाचा कॉल घेत नाही.

सपाट आरसाच ठेवा मात्र. मी पहिल्यांदा दाढीचा, चेहरा मोठा दिसणारा, ठेवला होता. तो अंतर्वक्र असतो, ऊन एका ठिपक्यावर गोळा करतो. पडद्याला वाटाण्याएवढं भोक पडलंय, धूर दिसला म्हणून वाचलो.

—

बापरे! आरसा उद्याच ठेवते, सपाट.

पिशवीवाल्या ताईंना एक सांगायचं होतं. पिशवीत उकळतं पाणी ओतू नका, उकळी गेल्यावर जरा थांबा. दोन तृतीयांशच भरा आणि झाकण लावायच्या आधी वरची हवा दाबून काढा. आणि रबर म्हातारं होतं, दोन-एक वर्षांनी बदलायची असते पिशवी. पुष्कळ पिशव्यांवर फुलासारखा एक शिक्का असतो, मधला आकडा म्हणजे बनवल्याचं वर्ष आणि बारा पाकळ्या म्हणजे महिने. मी कित्येक वर्षं ते डिझाइन समजत होते. माझ्या आत्याच्या मांडीवर फुटली होती एक, म्हणून सांगते.

—

मीच, सुरुवात केलेली. आत्ता उठून बघितलं. कव्हर काढलं, फूल सापडलं. मधे १४.

एवढी वर्षं जिच्या जिवावर हिवाळे काढले ती आता कचऱ्याच्या डब्यात आहे, नवीन उद्या आणेन. तोवर हीटरवर मोजे टाकलेत. दोन जोड.