मदत हवी आहे: चिपचं ब्रिलुआं शिखर फायबरच्या शिखराआड हरवतंय

ब्रिलुआं म्हणजे पदार्थातल्या ध्वनिलहरींवरून प्रकाश विखुरणं; त्यात प्रकाशाची वारंवारता जितकी सरकते, तिथे प्रोबच्या लाभाचं (प्रवर्धनाचं) शिखर दिसतं. मांडणी अशी: १५५० नॅनोमीटरचा पंप (जोरदार लेसर), समोरून प्रोब (मोजणीचा क्षीण प्रकाश), मध्ये चिपवर आर्सेनिक ट्रायसल्फाइडची वेटोळी वेव्हगाइड (प्रकाशवाहिनी). शिखर ७.६ गिगाहर्ट्झच्या आसपास यायला हवं. ठळक दिसतं ते १०.८ जवळचं, म्हणजे जोडणीच्या सिलिका फायबरचं. फायबर प्रत्येक बाजूला मीटरभरावर आणलं, तेव्हा ते बरंच खाली आलं. चिपचं मात्र अजून गोंगाटातच. पंप वाढवला तर चिपची कड जळेल, म्हणून नको. पंप आणि प्रोबचं पोलरायझेशन (प्रकाशकंपनाची दिशा) समांतर नसलं तर लाभ जवळजवळ शून्य, म्हणून संशय तिथेच. शिवाय नाशिकच्या दुपारी एसी बंद पडला की चिपमध्ये प्रकाश सोडणारं, टोकाला भिंग असलेलं लेन्स्ड फायबर सरकतं. पंप चॉप करून (ठरावीक तालात चालू-बंद करून) लॉक-इनवर, म्हणजे त्याच तालाचा संकेत गोंगाटातून वेगळा काढणाऱ्या उपकरणावर, मोजावं का? आणि सातपूर-अंबडकडे कुणाकडे १२ गिगाहर्ट्झच्या पुढचा नेटवर्क ॲनलायझर (वारंवारतेनुसार प्रतिसाद मोजणारं उपकरण) दिवसभरासाठी मिळेल का?