क्लबहाऊसमध्ये काल कोण किंचाळत होतं?

काकू (सी-४०१): काल रात्री साडेनऊला क्लबहाऊसमधून काय आवाज येत होता? दोनदा. पाच-पाच मिनिटं. फॅक्स मशीनचा कोणी गळा दाबतंय असं वाटलं. सासूबाई म्हणाल्या लिफ्ट पडली. आणि आज सकाळी टीव्ही लावला तर नुसत्या मुंग्या. रिमोटही जागेवर नाही. कोणाचा कार्यक्रम होता?

अण्णा (ए-३०२): काकू, नमस्कार. माझा. दिलगीर आहे. तो कॅसेटचा आवाज. जुन्या कॉम्प्युटरवर गेम लोड होत होता.

काकू (सी-४०१): कॅसेटवर गेम?

अण्णा (ए-३०२): हो. टेपरेकॉर्डर जोडायचा, प्ले दाबायचं आणि पाच मिनिटं देवाचं नाव घ्यायचं. आवाज थोडा कमी-जास्त झाला की 'टेप लोडिंग एरर'. मग पुन्हा पहिल्यापासून. म्हणून दोनदा.

खजिनदार (बी-२०१): क्लबहाऊस वापर शुल्क ३०० रुपये. रविवारचे अद्याप जमा नाहीत.

नाना (ए-१०१): सुप्रभात 🙏 गोड बोलायला पैसे पडत नाहीत.

छोटू (ए-५०१): काकू, टीव्ही बिघडलेला नाही. तो कॉम्प्युटर अँटेनाच्या पिनेला लागतो, इनपुट तिकडेच राहिलंय. सोर्स बटण दाबून एचडीएमआय करा.

काकू (सी-४०१): सोर्स बटण रिमोटवर आहे. रिमोट कुठे आहे?

सेक्रेटरी: सभासदांना विनंती, ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी वापरावा.

ताई (सी-२०३): क्लबहाऊस सोसायटीचंच आहे ना साहेब? 😄 अण्णा, मुलं आली होती का? मजा आली?

अण्णा (ए-३०२): खरं सांगू ताई, सगळ्यात जास्त हिरमोड माझाच झाला. १९८७ च्या मे महिन्यात बाबांनी डीबी स्पेक्ट्रम आणला. विलायती मशीन, परवाना घेऊन इथे बनवलेलं. मेमरी ४८ के. नानांचा सुप्रभातचा फोटोही त्यात मावणार नाही. आणि तेवढ्यात त्या मॅथ्यू स्मिथने 'जेट सेट विली'चा साठ खोल्यांचा वाडा बसवला होता. समुद्रकिनारा, बोट, माळा, सगळं. इतकी वर्षं माझ्या डोक्यात तो वाडा केवढा तरी मोठा होता. काल लावला तर काळ्या पडद्यावर चार जिने आणि एक टोपीवाला. तो चालला की मागचे रंग त्याच्या अंगाला लागतात. एका पोराने विचारलं, काका, टीव्ही खराब आहे का? मी समजावायला गेलो की आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत दोनच रंग मावतात, मेमरी वाचवायला तसं केलंय. वळून बघतो तर सगळे बटाटेवड्यांपाशी.

काकू (सी-४०१): हो, त्या वड्यांच्या प्लेटा आज सकाळी मी उचलल्या.

ताई (सी-२०३): आमच्या शाळेच्या लॅबमध्ये 'डेंजरस डेव्ह' गेम होता. चषक घेतल्याशिवाय दार उघडत नाही, तो. तिसऱ्या लेव्हलच्या पुढे गेलेल्या मुलीसाठी बाकीच्या खुर्ची सोडायच्या. परवा लेकीबरोबर बसून दहाच्या दहा लेव्हल संपवल्या. ती म्हणते, "आई, एवढंच?" मला इतका राग आला की मी तिला अभ्यासाला बसवलं.

छोटू (ए-५०१): अण्णा, कॅसेट कशाला? मी मोबाइलवर दोन सेकंदांत लावून देतो. चुकलं तर मागे पण जाता येतं.

अण्णा (ए-३०२): तेही करून बघितलं रे. मागे जाता आलं की खेळण्यात काही उरतच नाही. आणि मागे न जाता खेळायला आता अंगात दम नाही. उडी एक ठिपका चुकली की मेला. विली ज्या जागेवरून खोलीत शिरला तिथेच पुन्हा उभा राहतो, तीच जागा वाईट असेल तर सगळ्या लाइफ एका दमात खलास. लहानपणी हे अन्यायाचं वाटायचंच नाही. वाटायचं, आपलंच काहीतरी चुकतंय.

सेक्रेटरी: आमच्या ऑफिसात प्रिन्स ऑफ पर्शिया होता. राजकन्या सोडवायला ६० मिनिटं. लंच टाइम ३० मिनिटांचा.

ताई (सी-२०३): साहेब, ग्रुप सोसायटीच्या कामासाठी 😂

खजिनदार (बी-२०१): क्लबहाऊस वापर शुल्क ३०० रुपये. अद्याप जमा नाहीत.

नाना (ए-१०१): राजकन्या कोण? टँकर किती वाजता येणार?

काकू (सी-४०१): त्या खेळात करायचं तरी काय असतं?

अण्णा (ए-३०२): पार्टी झालेली असते. पाहुणे वाडाभर पसारा करून गेलेत. विलीला झोप आलीय, पण मारिया नावाची बाई बेडरूमच्या दारात उभी. ८३ वस्तू गोळा केल्याशिवाय झोपू देत नाही.

काकू (सी-४०१): ही बाई पुढच्या निवडणुकीत उभी राहिली तर माझं मत तिला. रिमोट कुठे आहे?

छोटू (ए-५०१): पण अण्णा, तुम्ही खरी गोष्ट सांगतच नाही. काल आमचा बंटी माळ्यावर पोचला, तिथून सगळं बिघडलं ना.

अण्णा (ए-३०२): ते राहू दे.

छोटू (ए-५०१): राहू दे काय! मी तिथेच शोधून काढलं. गेममध्येच चूक होती. एकदा त्या 'ॲटिक'मध्ये पाय ठेवला की दुसऱ्या काही खोल्यांचा डेटा खराब होतो. मग तिथे शिरलं की लगेच मरण. नवा डाव मांडला तरी तेच, पुन्हा कॅसेट लावेपर्यंत. कंपनी आधी म्हणाली की मुद्दाम केलंय, त्या खोल्यांत विषारी वायू आहे. नंतर गपचूप दुरुस्तीचे आकडे दिले.

बापू (बी-१०४): थांबा. काय म्हणालास? नवा डाव मांडला तरी?

छोटू (ए-५०१): हो काका.

बापू (बी-१०४): म्हणजे एकाने माळा गाठला की पुढच्याच्या पाळीला बिघाड.

बापू (बी-१०४): अण्णा, वाचतोयस ना?

बापू (बी-१०४): मंडळी, माफ करा, पण ऐकाच. 'बापू माझ्या पाळीआधी मुद्दाम काहीतरी दाबून ठेवतो' म्हणून या गृहस्थाने बाबांकडे तक्रार केली होती. अख्खी मे महिन्याची सुट्टी मला कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. गेम सुरुवातीला रंगांचा कोड विचारायचा, त्याचा १८० खणांचा तक्ता. झेरॉक्स काळी-पांढरी यायची, म्हणून मी तो स्केचपेनने रंगवला होता. मी! आणि मलाच बंदी.

अण्णा (ए-३०२): हा मेसेज डिलीट केला गेला आहे.

काकू (सी-४०१): काय लिहिलं होतं?

खजिनदार (बी-२०१): क्लबहाऊस वापर शुल्क ३०० रुपये.

बापू (बी-१०४): आणि त्याचा दुसरा अर्थ कळला का? मी माळ्यापर्यंत पोचत होतो. तू कधीच पोचला नाहीस.

ताई (सी-२०३): 🙊

सेक्रेटरी: घरगुती विषय कृपया वैयक्तिक मेसेजवर घ्यावेत. (मीही बाराव्या लेव्हलला कधी पोचलो नाही.)

नाना (ए-१०१): माळ्यावर कोण गेलंय? गच्चीची किल्ली वॉचमनकडे द्या.

अण्णा (ए-३०२): तो तक्ता अजून आहे, बापू. काल त्यावरूनच कोड टाकला. हिरवा रंग उडालाय, निळ्यासारखा दिसतो. पहिल्यांदा म्हणून चुकला.

बापू (बी-१०४): हिरवं स्केचपेन तेव्हाच संपत आलं होतं.

अण्णा (ए-३०२): रविवारी परत लावतो. येतोस?

काकू (सी-४०१): परत?!

अण्णा (ए-३०२): काकू, आवाज बारीक ठेवीन. रिमोट सापडला, कॅसेटच्या डब्यात होता. खाली आणून देतो.

बापू (बी-१०४): बघू. ३०० मी भरतो. पण पहिली पाळी माझी.

खजिनदार (बी-२०१): मागच्या रविवारचे की पुढच्या? आणि पावती कोणाच्या नावाने करू?